आभाळशेळी

हाणेगाव रोडच्या कर्णबधिर शाळेतून
शिवलीला एकलारे बाईंचा मेसेज आला, मंगळवारी:
‘सायलू, पडद्यावरचे हात तुटायलेत.
लेकरं वैतागलीत. ये लवकर.’

गेलो. खरंच की.
व्हिडिओतली बाई खुणांनी ‘आभाळ’ म्हणायला हात उचलायची,
अर्ध्यात बोटं थिजायची, चौकोन चौकोन व्हायचे
आणि दुसऱ्या क्षणी ती थेट ‘शेळी’वर.
चौथीतल्या मोगलाजीनं दोन्ही खुणा सलग जोडून दाखवल्या
आणि पोट धरून हसला.
आभाळशेळी.

कॅबिनेट उघडलं. पंख्यावर कडब्याचा भुसा,
एक वाळलेली पाल,
ग्राफिक्स कार्डाचे सोनेरी दात काळवंडलेले.
नाझनीननं कंपासातून खोडरबर काढून दिलं,
गुलाबी, वासाचं.
घासून परत बसवलं. हात तुटायलेच.

म्हणजे दुखणं हाडात नव्हतं.
सुट्टीत कुणीतरी विंडोज नवी घातली होती,
कार्ड जुनं ते जुनंच,
आणि मधल्या माणसाला कार्डाची बोली येईना.

ड्रायव्हर म्हणजे काय, लोक विचारतात. गाडीचा का?
मी त्यांना देगलूरचा गुरांचा बाजार सांगतो.
घेणारा पलीकडचा, तेलुगू. विकणारा आपला.
मध्ये माझा मामा,
रुमालाखाली एकदा याची बोटं दाबायचा, एकदा त्याची.
तोंडातून शब्द नाही
आणि बैल दुसऱ्या राज्यात.
मामा आजारी पडला त्या सोमवारी
नवखा दलाल बसला होता रुमाल घेऊन.
त्यानं चार बोटं धरली की पाच, कुणालाच कळलं नाही.
बैल उभा, पैसा कनवटीला,
दोघं एकमेकांकडं बघत राहिले संध्याकाळपर्यंत.
मशीन हँग होणं म्हणजे दुसरं काय.

सेफ मोडमध्ये जाऊन नवखा काढून टाकला.
जुना मोबाईलवरून उतरवायला घेतला.
ब्याण्णव टक्क्यांवर लाईट गेली.
इन्व्हर्टर होता, बॅटरीत पाणी नव्हतं.
खोलीत मिट्ट काळोख, आणि मी, पाय कुठं ठेवावा कळेना.
या लेकरांचं बोलणं तर सगळं उजेडात.
मला वाटलं, आता गप्प झाली असतील.
बाई हळूच म्हणाल्या, नाही रे,
एकमेकांच्या तळहातावर चाललंय त्यांचं.
खरंच, अंधारात कुणीतरी फिसकन हसलं.

साडेसहाला लाईट आली, दुभाष्या बसला.
पडद्यावरच्या बाईनं हात उचलला
आणि ‘आभाळ’ या टोकापासून त्या टोकापर्यंत
एकदाही न तुटता म्हटलं.
बावीस लेकरांनी हात हवेत हलवले, टाळ्या म्हणून.
मोगलाजी मात्र हिरमुसला.
त्याची शेळी गेली ना.

बंद करताना यादीत दिसलं:
आवाजापुढं पिवळं उद्गारचिन्ह.
आठ महिन्यांपासूनचं. तक्रार कुणाचीच नाही.
‘असू दे,’ बाई म्हणाल्या, ‘इथं कुणाला काय कळायलंय?’
खरंय. पण दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं
ते चिन्ह मला घरी जाऊ देईना.
नंबर पाहिला, जोडी शोधली, हिरव्या भोकात वायर खुपसली.
टुंग.

एकही मान वळली नाही.
फक्त व्हरांड्यात झाडणारी गंगामणी थबकली:
‘अगं बया, ह्याला कंठ फुटला की!’
मोगलाजीनं तिची वळलेली मान पाहिली,
तिच्या नजरेमागं नजर नेली,
स्पीकरपाशी आला.
मी आवाज पुरा सोडला, ढोलाचं काहीतरी होतं.
त्यानं जाळीवर तळवा टेकवला.
काढला. फुंकर मारून पाहिली. परत टेकवला.

मग माझ्याकडं बघत
दोन खुणा सलग.

बाई म्हणाल्या, असा शब्द नाही कुठं.
मी पावती फाडत होतो: ग्राफिक्स, तीनशे.
आवाजाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना,
पेन तसंच धरून उभा राहिलो
आणि दुसऱ्या हातानं, चुकतमाकत,
शेळीची शिंगं करून बघितली.