तुडूम

कालपर्यंत एकच यादी होती.
तिच्यात सगळेच, एका बांदीत चार वाण फेकावेत तसे:
कोणाचं जोडाक्षर तुटतंय, कोणाला नवी आवृत्ती कधी ते हवंय,
कोणी विचारतो, पैसे किती?
कोणी चिडून सांगतो, पैसे नाहीत, तीन वर्षं हेच सांगतोय.
आणि दर दिवाळीला मांढळचे एक गृहस्थ
चारशे बारा जणांना एकदम शुभेच्छा देतात,
मग चारशे बारा पत्त्यांवर त्यांचे आभार फिरत राहतात
भाऊबीज उलटेपर्यंत.

आमचा प्रोग्राम लहान. मराठी टाइप करून देतो, बस.
कोड उघडा ठेवलाय: वाचा, मोडा, पुन्हा बांधा, दुसऱ्याला द्या.
मला कोड येत नाही. मी पत्रं वाटते,
सेवा सहकारी सोसायटीच्या मागच्या खोलीत बसून,
जिथं युरियाचा वास कीबोर्डच्या फटींत शिरलाय
आणि चारला लाईन जाते, कधी पावणेचारलाच.

आता याद्या चार. दुरुस्ती. भाषांतर. नवखे.
चौथी फक्त खबर देणारी, तिच्यात उलट बोलता येत नाही.
मांढळचे गृहस्थ तिथे.

मोठेबाबा मालगुजारी तलावाचे पाणकर होते.
भादव्यात उघाड पडली की तुडुमाची खुंटी तेच काढायचे.
म्हणायचे, खुंटी काढाले ताकद लागत नाही,
कोनाच्या पाटात किती वेळ, थे ध्यानात ठेवा लागते.
वही नव्हती त्यांच्याकडे.
रात्री कंदील घेऊन उलटे निघायचे, शेवटच्या बांदीपासून,
पाण्यात हात घालून बघायचे.
मालक झोपलेला असायचा. त्याला उठवायचे नाहीत.

हे मला तेव्हा आठवलं नाही
जेव्हा लीलाधर कापगते म्हणाला, यादी साफ कर.
दोनशे नव्वद जण कधी एक ओळ लिहीत नाहीत,
मेलेले पत्ते असतील, कशाला ओढायचे?
मलाही पटलं. साफ यादी दिसायला छान.
सगळ्यांना एकच पत्र: राहायचं असेल तर कळवा,
दहा दिवसांत उत्तर नाही तर नाव काढू.
भाषा जरा वसुलीवाल्यासारखी झाली, खरं.

तीस-पस्तीस उत्तरं आली.
नवव्या दिवशी, दुपारी तीननंतर, कुमुदिनी लांजेवार.
लाखांदूरकडच्या. निवृत्त अंगणवाडीताई.
सहा वर्षं यादीत. पहिलंच पत्र.

"मी झाडीबोलीतले शब्द जमा करते. अकरा वह्या झाल्या.
टाइप करायला घेतल्या त्या दिवशीच अडले.
पऱ्हे हा शब्द उमटेना. र ची ती पापणी
सुटून बाजूला पडायची.
कोणीतरी आधीच कळवलेलं दिसलं, म्हणून मी नाही कळवलं.
नव्या आवृत्तीची खबर आली की पऱ्हे लिहून बघते.
मागच्या महिन्यात उमटलं.
पहिली वही झाली. नाव राहू द्यावं."

सहा वर्षं. तेवढ्यात तिच्या दारापुढं
सहा वेळा पऱ्हे भरले, उपटले, रोवले गेले असतील.

लीलाधरला फोन केला. तो बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, वीस मिनिटांचं काम होतं गं ते.
एकाच माणसाची तक्रार होती, दिसलीच नाही मला.
कुठून दिसणार.
शुभेच्छांच्या खाली गेली असणार.

बाकीच्या नावांचं काय करतेस, त्यानं विचारलं.
पडद्यावर ती निवडलेलीच होती, निळी,
एका बोटानं पुसली जातील अशी.
साडेतीन वाजून गेले होते.
मी खालून वाचायला लागले.
हेमणे. हटवार. सोनवाणे. शेंडे.
शहारेपर्यंत आले आणि लाईन गेली.