ठेका

दर मंगळवारी माझ्यासमोर पाय येतात,
माणसं त्यांच्या मागून.
मोजे काढताना सगळे आधी माफी मागतात,
जणू पाय म्हणजे घरातला
पाहुण्यांपासून लपवलेला भाऊ.

स्टॉर्नोवेच्या बंदरावरून रुआरी येतो,
रबरी बुटांत बारा तास भिजलेली बोटं,
बेचक्यांत पांढऱ्या चिखल्या.
"कोरडी ठेव," म्हणते मी.
तो खिडकीबाहेरच्या समुद्राकडे बघतो
नि आम्ही दोघं हसतो.
शाळेतल्या बाईंच्या टाचेत
सकाळचं पहिलं पाऊल खिळा ठोकतं,
दहाव्या पावलाला विसरूनही जातं.
म्हाताऱ्या पेगीला भोवरी.
ती ब्लेडनं स्वतःच कापते दर दोन महिन्यांनी,
आणि दर दोन महिन्यांनी
पुन्हा नाही कापणार म्हणून शपथ घेते.
या लोकांची मला फार काळजी नाही.
दुखणं दार वाजवतं.

टॉर्मड मॅकिव्हर आला नव्हता. त्याला आणला,
शोनागनं, बाहीला धरून.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो माग चालवतो.
जाड लोकरीचं कापड, ओल्या दलदलीच्या रंगाचं,
चाळीस वर्षं, पायांनी,
डावा उजवा डावा उजवा.
"मला स्वयंपाकघरात ऐकू येतं," ती म्हणाली,
"आठ दिवस झाले, डावा उशिरा पडतोय."
"माग जुना झालाय."
"माग नाही, टॉर्मड."

मी नायलॉनचा तो बारीक धागा काढला.
डोळे मिट. लागलं की हो म्हण.
अंगठा.
काही नाही.
चवडा, टाचेची कड.
काही नाही.
मग मी हात मागे घेऊन नुसतीच बसले,
आणि टॉर्मड म्हणाला, "हो."
मला बरं वाटावं म्हणून.

बावीस वर्षांची साखर.
तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात;
इथे तळपाय केव्हाच गप्प झाला होता
आणि मस्तकाला कुणी कळवलंच नव्हतं.
करंगळीच्या मुळाशी, घट्ट्याच्या आड,
ओली, काळपट जखम.
पाऊल लालसर, दुसऱ्याहून गरम.
मी बुटात हात घातला.
तळातून वर आलेलं खिळ्याचं टोक
माझ्या बोटाला लगेच सापडलं.
आठ दिवस तो त्याच्यावर विणत होता.

"दुखत नव्हतं ना," तो म्हणाला,
"मग उगाच तुझा वेळ कशाला घ्यायचा?"

माझा आवाज चढला. चढायला नको होता.
म्हटलं, दुखण्याची वाट बघू नकोस, ते येणार नाही.
त्वचा फुटली, रंग बदलला,
एक पाय दुसऱ्याहून गरम लागला, मोज्याला डाग दिसला,
तर त्याच दिवशी फोन कर.
रविवार असला तरी.

आमच्या बेटावर रविवारी
दोरीवर कपडेसुद्धा वाळत घालत नाहीत.
ती दोघं एकमेकांकडे बघत राहिली.
"रविवार असला तरी," मी पुन्हा म्हणाले.

त्याच दुपारी हॉस्पिटल. करंगळी गेली,
पाय राहिला.
पुढे अकरा आठवडे गुडघ्याखाली प्लास्टर
आणि माग बंद, असं मला वाटलं होतं.

नवव्या आठवड्यात घरी गेले, ड्रेसिंग बघायला.
शेडमधून ठकठक येत होती, अडखळत,
दोन पावलं नीट नि तिसरं भलतीकडे.
टॉर्मड खुर्चीत, पाय उशीवर,
दाराकडे तोंड करून ओरडत होता,
"डावा! अगं, डावा उशिरा पडतोय!"
शेडमधून शोनागनं गेलिकमध्ये जे उत्तर दिलं
ते चर्चमध्ये सांगण्यासारखं नव्हतं.

भिंतीजवळ जमिनीवर एक गोल आरसा टेकवलेला,
दाढीचा, आता तळव्यांचा.
"रोज रात्री बघतो," तो म्हणाला,
"इतकी वर्षं बायकोकडे सुद्धा एवढं बघितलं नाही."
मग जायला उठले, दारात बूट चढवायला लागले,
तेव्हा मागून म्हणाला,
"हात घातलास का आत आधी?"

नव्हता घातला.
घातला.