आतली बाजू

निळी शाई संपत आलेली,
म्हणून जहाज जरा जांभळंच छापलं गेलं.
बोगुमिलला चालतं.

ग्दिनियाच्या गोदीत तीस वर्षं वेल्डिंग केलेला हात
आता नखाएवढी शिडी कापतोय,
तुकडा क्रमांक त्रेचाळीस,
श्वास रोखून.

बोथट सुईनं घडीची रेघ दाबायची,
पांढऱ्या जिभेला डिंक,
चिमटीत धरून वीसपर्यंत मोजायचं.
लोखंडानं कधी असं मोजू दिलं नाही.

नात विचारते, आत काय असतं?
काही नाही गं. कोरा कागद.

मग थबकतो.
पेन्सिलीला टोक काढतो,
आणि तळाशी, कण्याजवळ,
जिथं तेव्हा खडूनं लिहिलेलं
दुपारपर्यंत रंगाखाली गेलं होतं,
तिथंच लिहितो:
हालिना.

शेवटची जीभ आत सारतो.
एक, दोन, तीन…