छपराची खूण

बांदा नेइराच्या धक्क्यासमोर उभा आहे तो गुनुंग आपी.
आपी म्हणजे आग, वा नुरिमा सांगते
माझ्या पाठीवर टाकी चढवताना, पट्टे आवळताना,
समोरचे शेजारी जरा तापट आहेत
असं सांगावं तसं.

अठ्ठ्याऐंशी साली भडकला, तेव्हा ती सात वर्षांची.
होडीत आईच्या मांडीवर कोंबडी, हिच्या मांडीवर किटली,
वडील घराकडे बघत वल्हवत राहिले,
वल्हवणाऱ्याचं तोंड मागेच असतं म्हणून.

मग उडी.
पन्नाशीत पोहायला शिकलेली मी,
पहिले दहा श्वास उधारीचे वाटतात.
नाक चिमटीत, फुंकर कोंडली
की कानांत दार उघडल्यासारखं होतं.

खाली तो काळा उतार,
उतू गेलेल्या दुधासारखा घड्या पडून थिजलेला,
आणि त्याच्यावर प्रवाळाच्या पराती,
परातीवर परात, परातीवर परात,
मांडव उठल्यावर घासून पालथ्या घातलेल्या.
त्यांच्या सावलीत तांबडे मासे, डोळे मोठे, झोप न झालेले.
एक वाम बिळातून तोंड उघडते, मिटते:
खोली रिकामी नाही.
निळ्यांचा अख्खा थवा आमच्यामधून जातो
आम्ही दोन खांब असल्यासारखा.

पाण्यात बोलायचं ते बोटांनी.
अंगठ्याला तर्जनी टेकली: ठीक.
तळवा डोलवला: काहीतरी बिघडलंय.
अंगठा वर: वर चला. शाबासकी नव्हे.

वा नुरिमा थांबते.
दोन्ही हातांची बोटं टोकाला जुळवून
तळवे उतरते धरते.
ही खूण मला शिकवलेली नाही.
देऊळ? डोंगर? धोका?
ती पुन्हा करते. मग काळ्या दगडाकडे बोट,
मग हात कमरेशी आडवा: एवढी.

छप्पर.

दुःखाला पाण्याखाली खूण नाही.
मला येतो तो एकच प्रश्न मी विचारते: ठीक?
तिच्या तोंडातून बुडबुडे सुटतात,
एक, बराच वेळ काही नाही, मग पुष्कळ.
ती तळवा डोलवते.
आणि लगेच, अंगठ्याला तर्जनी.
दोन्ही.

होडीत ती माझे पंख मोजून घेते, वजनाचा पट्टा मागते.
जायफळाच्या मुरंब्याची बरणी, कडक पाव.
किटली अजून आहे घरी, ती म्हणते,
झाकण तेवढं बदललं.

काय बोलावं ते न सुचून
मी अंगठा वर करते.
ती हसते, केस पिळत:
आलोय की वर.