पाचवं आधण

वहीत लिहिलं: माल्ट साडेचार किलो,
पाणी कृष्णेचं, जड, उकळून निवळलेलं.
हॉप्स या खेपेला आच बंद केल्यावर,
म्हणजे कडूपणा मागे थांबेल
आणि पपनसाची साल पुढे येईल.

चौथ्याला सुधन्वा म्हणाला होता, किराईत.
ग्लास मात्र रिकामा केला.

हरिपुरात बेचाळीस.
यीस्टला हवे एकोणीस, पेवात चोवीस.
घेईल चालवून.
दोराला बांधून पिंप खाली सोडलं,
पुराआधी हळद निजायची तिथं.

सहाव्या दिवशी मामंजींनी
जुन्या सवयीनं कंदील सोडला.
अर्ध्यातच विझला.
"हवा कोंडलीय. उतरू नकोस."
मी म्हटलं, आंबतंय, त्याचाच श्वास तो.

काठावर बसून त्यांनी वही चाळली,
चष्मा वर केला:
"आणि हळद किती?"