शेजारच्या सीटवरून

माझ्या बाजूला ब्रेक नाही, येस्टिन.
तरी माझा उजवा बूट डाव्याच्या आधी झिजतो.
अकरा वर्षं मी लोकांच्या गाड्यांत
नसलेलं पेडल दाबत आलेय.

पहिली फेरी फुकट घालव.
टायर अजून थंड आहेत, तूही.
रात्रभर समुद्रावरून वारा आलाय,
जुन्या धावपट्टीच्या काँक्रीटवर त्याची खारट साय असेल.
आरसा बघ. मागचा पिवळा लोटस तुझ्याहून वेगात आहे,
त्यात अपमान काही नाही;
हात बाहेर काढ, बोटानं बाजू दाखव, जाऊ दे.
इथे कोणी पहिलं येत नाही.
संध्याकाळी कप नसतो,
गेथिनच्या बायकोचा गाजराचा केक असतो.

"बावीस वर्षं दुधाचा टँकर चालवतोय," सकाळी म्हणालास,
"एक ओरखडा नाही."
माहीत आहे. म्हणून तर तुझी जास्त भीती वाटते.
बावीस वर्षांनी तुझ्या पायाला एकच गोष्ट शिकवली:
दचकलास की उचल.
रस्त्यावर ती पुण्याई.
इथे, वळणाच्या मध्यावर, तीच तुला गरकन फिरवील.
वजन पुढे धावतं, मागची चाकं हलकी होतात,
आणि गाडीला आठवतं
की पुढे जायला तिला शेपटीही चालते.

म्हणून सगळं भांडण सरळ पट्ट्यावरच मिटवून घे.
ब्रेक तिथे, ताठ, एकदाच;
मग पाऊल असं सोड
जसा झोपलेल्या पोराच्या मानेखालून हात काढतात.
आत शिरायची घाई नको. थांब. अजून थांब.
नारिंगी शंकू उशिरा भेटू दे,
आणि तो भेटायच्या आधी
नजर त्याच्या पुढे गेलेली हवी.
भिंतीकडे बघशील तर भिंत येईल.
गाडी हातांचं कमी ऐकते,
डोळ्यांचं सगळं.

पाच फेऱ्या छान चाललास. सहावीत,
चॅपलच्या वळणावर
(चॅपल कधीच पडलं, वळणाला नाव राहिलं)
जरा जास्तच घेऊन आलास,
आणि पाय उचललास.

समुद्र. मेंढ्या. टॉवर. समुद्र.

"दोन्ही पाय खाली!" मी ओरडले,
तू दाबलेस. शाबास.
आलो त्याच दिशेला तोंड करून गवतात उभे राहिलो.
गेथिनचा पिवळा झेंडा
वाळत घातलेल्या कपड्यासारखा निवांत हलत होता.
इंजिन बंद. वर कुठेतरी चंडोल.
तू हसलास. सगळेच हसतात.
मग स्वतःचे हात बघितलेस.

मी बोलले नाही. बोलायचं होतं ते हे:
चौतिसाव्या वर्षी, याच वळणावर,
"शेवटची एकच फेरी" म्हणून
मी नवऱ्याची गाडी घेऊन आले होते.
गाडी जागच्या जागी भंगार.
तीन बस बदलून घरी गेले, मांडीवर हेल्मेट.
समोरच्या म्हातारीनं विचारलं, आत काय आहे गं?
मांजर, म्हटलं.
तेव्हापासून शेवटची फेरी मी कुणाला सांगू देत नाही.
आता जमलं असं वाटलं
की त्याच फेरीत आत यायचं.

ये, संथ ये, वारा लागू दे चाकांना.
हँडब्रेक ओढू नकोस, तापलाय, चिकटेल.
गिअरमध्ये ठेव, चाकाखाली ही वीट.
हा वास ओळखून ठेव:
जळका, गोडसर, तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा.
गाडी एवढंच सांगते, एवढ्याच वेळा.

केक घेऊन तू निघालास तेव्हा साडेपाच झाले होते.
फाटकापाशी डांबरावर पांढऱ्या अक्षरांत
आमच्याकडे सगळीकडे असतं तेच लिहिलंय, आरव,
म्हणजे हळू.
बावीस वर्षं तू त्यावरून टँकर नेला असशील.
आज त्याच्या अलीकडे थांबलास.
उजवीकडे पाहिलंस, डावीकडे,
मैलभर माणूस नाही, एक ट्रॅक्टर दूर शेतात,
तरी इंडिकेटर दिलास.

माझा उजवा पाय
जमिनीवर नुसता उभा होता.