सुऱ्यांची मोजदाद

सकाळी सव्वासातला मी सुऱ्या मोजते.
अकरा.
फळीवर प्रत्येकीची काळी आकृती रंगवलेली आहे,
एखादी नसली तर
तिचं नसणं दारातूनच दिसावं म्हणून.

व्हीबे चौथी घेतो, लीक चिरायला.
मुठीला पोलादी तार, तार भिंतीतल्या कडीला.
तार सव्वा मीटर,
माझं स्टूल दीड मीटरवर.
हे अंतर कुणीतरी कागदावर आखलं असेल
कॉफी पीत पीत.

सोळा वर्षांपूर्वी लेवार्डनमध्ये,
मार्चातल्या एका मंगळवारी,
त्याने सायकली दुरुस्त करणाऱ्या हार्मेनला मारलं.
फाइल म्हणते सात वार.
तो म्हणायचा सहा.
पाच वर्षं डॉक्टर आणि तो
त्या एका वारापाशी अडून बसले होते.
मग एका दुपारी बटाटे सोलताना,
माझ्याकडे न बघता,
म्हणाला, "सात."
मी सालं गोळा करत राहिले.
त्या दिवशी नोंदवहीत लिहिलं :
रुग्ण शांत. जेवण वेळेवर.

आमच्याकडे असल्या शिक्षेचे दोन तुकडे असतात.
पहिला मोजून दिलेला : आठ वर्षं, तुरुंग, संपला.
दुसऱ्याला दुसरं टोक नाही.
दर दोन वर्षांनी न्यायाधीश विचारतात,
बरा झालाय का?
जणू ताप होता,
जणू कपाळाला हात लावून कळेल.
बरा.
किती ठिकाणी वापरतो आपण हा शब्द,
आणि किती कमी ठिकाणी तो पुरतो.

हार्मेनची बहीण प्रत्येक सुनावणीला येते.
रेन्स्के. तिसरी रांग, भिंतीकडची खुर्ची.
मागच्या वेळी कॉफीच्या यंत्रापाशी
तिने मला गाठलं :
"तो स्वयंपाक बरा करतो का?"
सांगायची परवानगी नव्हती.
हो म्हणाले.
ती कप दोन्ही हातांत धरून म्हणाली,
"आमच्या हार्मेनला अंडंसुद्धा उकडता यायचं नाही.
पाणी आटून भांडं जळायचं."
आणि हसली. मग
आपण हसलो याचाच राग आल्यासारखी निघून गेली.

सोमवारी तार निसटली.
कडीचा स्क्रू झिजला होता, एवढंच.
तार ओट्यावरून घरंगळली
आणि चौथी सुरी, पहिल्यांदाच,
नुसती सुरी झाली.
व्हीबेने ती लीकच्या शेजारी ठेवली,
पातं भिंतीकडे करून.
तीन पावलं मागे गेला.
हात खांद्यांपर्यंत वर.
"हिंके," म्हणाला, "तार."

मी तोवर दारात होते.
स्टूल आडवं पडलेलं,
माझा अंगठा धोक्याच्या बटणावर.
दाबला नव्हता.
पण त्याने अंगठा पाहिला,
आणि त्याने पाहिलेलं मी पाहिलं.
अकरा वर्षं मी या माणसाच्या हातचं सूप पितेय.

गुरुवारी सुनावणी.
समोर छापील अर्ज, त्यात तीन चौकोन :
धोका कमी, मध्यम, जास्त.
सोमवारचं लिहिलं तर चौकशी लागेल,
त्याची शनिवारची बाहेरची फेरी थांबेल,
बाजारात जाऊन तो स्वतःचे बूट घेणार होता.
नाही लिहिलं
तर ती तीन पावलं कुठेच असणार नाहीत.
आणि लिहायचं तर माझा अंगठा
कुठल्या चौकोनात बसवू?
रेन्स्केही असेल, तिसऱ्या रांगेत.
तिच्यासमोर हे मोठ्याने वाचलं जाईल.

मेकॅनिक आला, स्क्रू बदलला,
तार दोनदा ओढून पाहिली, सही घेऊन गेला.
मी पुन्हा मोजल्या. अकरा.
अर्धी लीक ओट्यावर तशीच सुकली.
संध्याकाळी सूप पातळ झालं होतं.
कुणी काही बोललं नाही.
व्हीबेने मात्र
माझ्या वाडग्यात पळी दोनदा बुडवली,
तळापर्यंत.